बाब किरकोळ

हिंगोलीहून वाशिमकडे निघालं की मराठवाडा संपून वऱ्हाड सुरू व्हायच्या बेतात असतं, तिथे आमचं गाव लागतं. कनेरगाव नाका. दुसऱ्या गावांच्या नावापुढे बुद्रुक असतं, खुर्द असतं, एखाद्याच्या मागे देव उभा असतो. आमच्या नावापुढे वसुली उभी आहे. बाहेरगावचा पाहुणा हमखास विचारतो, ‘कशाचा नाका?’ त्याच्या डोळ्यांसमोर टोलचा दांडा असतो. आम्ही सांगतो, आता कशाचाच नाही. तरी तो खिसा चाचपूनच पुढे जातो.

१९४८पर्यंत अलीकडे निजामाचं राज्य होतं आणि पलीकडे १९४७पर्यंत इंग्रजी अंमल. पण ही शीव जरा वाकड्या चालीची. वऱ्हाड मुळात निजामाचंच. १८५३ साली फौजेच्या खर्चापोटी त्याने ते इंग्रजांच्या हवाली केलं. ही फौज म्हणजे हैदराबाद कंटिंजंट, आणि तिची एक छावणी हिंगोलीतच होती. म्हणजे खर्च आमच्याच दाराशी झाला होता. पुढे १९०२ साली लॉर्ड कर्झनने वऱ्हाड वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने घेतलं. सातबाऱ्यावर नाव निजामाचं, वहिवाट इंग्रजांची. या वावरातला माल बांध ओलांडून निजामाच्याच दुसऱ्या वावरात आला, की बांधावर निजामाची माणसं कर घ्यायला हजर. त्या खात्याला करोडगिरी म्हणत. दर मनाला येईल तसा लावायची सोय नव्हती, कारण १८०२च्या व्यापारी तहाने तो शेकडा पाचावर बांधून टाकला होता. शिवाय अलीकडे हाली सिक्का आणि पलीकडे कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार. आता शेकडा पाच काढायचे, मग साताचे सहा करायचे, आणि हे सगळं बैलगाडी थांबवून, गाडीवान जांभया देत असताना. या भागाकारात जी बाकी उरत असेल ती कोणत्या सदरात जमा होत असेल, याचा विचार करायला लागलं की माणसाला राज्याच्या वित्तव्यवस्थेचा पहिला खरा धडा मिळतो.

मुक्तिसंग्रामात लोकांनी शिंदीची झाडं तोडली आणि करोडगिरीचे नाके जाळले. एकात दारूचं उत्पन्न, दुसऱ्यात जकातीचं. निजामाच्या उत्पन्नाची मुळं कुठे कुठे गेली आहेत, हे आमच्या लोकांना त्याच्या अर्थखात्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. १७ सप्टेंबर १९४८ला राज्य गेलं. मागोमाग सिक्का गेला, करोडगिरी गेली. १९५६ला आम्ही मुंबई राज्यात आलो, १९६०ला महाराष्ट्रात. १९९८ला अकोल्यातून वाशिम जिल्हा निघाला, १९९९ला परभणीतून हिंगोली. नाका होता तिथेच आहे. इथे बदलतं ते जिल्ह्याचं नाव आणि घासाघीस करायचा साहेब. भाषा तर तेव्हाही बदलत नव्हती. नाक्याच्या दोन्ही बाजूंना माणूस ‘काऊन?’ असंच विचारायचा आणि दोन्हीकडे त्याला उत्तर मिळायचं नाही.

अशा गावात एखाद्याला करांचा नाद लागला तर नवल नाही. आमच्या गावात तो एका गृहस्थांना लागला आहे. कोषागारातून निवृत्त झाले, म्हणून गाव त्यांना ‘ट्रेझरी सायेब’ म्हणतं. निवृत्तीनंतर कुणी वारीला जातं, कुणी मुलाकडे पुण्याला जाऊन पार्किंगवरून भांडतं. सायेबांनी एक लांबट वही घातली आहे. तिच्यात ते राज्य सरकारच्या किरकोळ करांची जमा दरसाल उतरवून घेतात. मोठ्या करांकडे ढुंकूनही बघत नाहीत. ‘जीएसटीचा आकडा कुणीबी सांगंल,’ ते म्हणतात, ‘टीव्हीवर पळत असतो. मला सांगा, ००४५मध्ये यंदा किती आले?’

हे ००४५ काय आहे ते सांगायला हवं. सरकारी हिशेबात प्रत्येक जमेला चार आकडी लेखाशीर्ष असतं. जमीन महसूल ००२९. मुद्रांक व नोंदणी ००३०. दारूचं, म्हणजे राज्य उत्पादन शुल्काचं, ००३९. विक्रीकर ००४०, वाहनं ००४१, माल आणि उतारू ००४२, वीज ००४३. ही सगळी कर्ती मंडळी. आणि त्यांच्यामागून, जत्रेत हात सुटलेल्या पोरासारखं, ००४५ : ‘वस्तू व सेवा यांवरील इतर कर व शुल्के’. ज्याला घर नाही त्याचं घर ते. त्यात करमणूक शुल्क बसायचं, १९२३च्या कायद्याचं. पैजेवरचा कर बसायचा, १९२५चा. ऐषाराम कर बसायचा, १९८७चा. यातले शेवटचे दोन कर आमच्या गावाने वाचून काढले आणि आदराने पुढे सरकवले. पैज म्हणजे महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरची. आमच्याकडे घोडा फक्त वरातीत दिसतो आणि त्याच्यावर पैसे लावायचे असतील तर तो नवरदेवाला पाडेल की नाही यावर लागतात. ऐषाराम कर महागड्या हॉटेलांतल्या खोल्यांवर होता; आमच्याकडे हॉटेल म्हणजे पत्र्याखालचं भज्यांचं दुकान, तिथे खोली नसते, बाकडं असतं. उरली करमणूक. ती मात्र गावाने मनापासून केली. टुरिंग टॉकीज आली, नंतर व्हिडिओ आले, नंतर छपरांवरून केबलच्या काळ्या वायरी गेल्या. प्रत्येक वेळी मागोमाग करमणूक कर निरीक्षक आले. हसण्याचा हिशेब ठेवणारा हा सरकारातला एकमेव माणूस. त्याच्या चेहऱ्यावर कधी हसू नसायचं, हा पोशाखाचाच भाग असावा.

भज्यांच्या हॉटेलवाल्याने एकदा विचारलं होतं, ‘सायेब, हे इतर म्हंजी नेमकं काय असतंय?’

‘जे इचारू नाही ते,’ सायेब म्हणाले.

त्यांचं म्हणणं असं, की सरकारचा स्वभाव मोठ्या करांत दिसत नाही. माणूस लग्नातल्या खर्चावरून कळत नाही, रोजच्या सुट्या पैशांवरून कळतो. आणि किरकोळ करांची पहिली खोड अशी की त्यांना जन्माला घालताना कारण सांगावं लागतं. मोठ्या कराला कारण लागत नाही, तो हक्काने येतो. किरकोळ कर दारात उभा राहून आधी दुःख सांगतो. मग दुःख निघून जातं. कर बसलेला असतो.

हे आजचं नाही. मराठेशाहीत ज्या पट्ट्या होत्या त्यांची यादी सायेब पोथीसारखी म्हणतात. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळची, वतनदारांवरची सिंहासनपट्टी. पेशव्यांना कर्ज झालं तेव्हाची कर्जपट्टी. बलुतेदार-कारागिरांच्या धंद्यावर मोहतर्फा. लग्नावर लग्नटका. नवरा वारला आणि बाईने पाट लावला तर पाटदाम. म्हशीवर म्हैसपट्टी. यातली कर्जपट्टी सायेबांना विशेष आवडते. सरकारने कर्ज काढायचं, आणि ते फेडण्यासाठी ज्याने काढलं नाही त्याच्यावर पट्टी बसवायची. आज या तत्त्वाला नाव मोठं आहे आणि त्यावर विद्यापीठात पेपर असतो. पेशव्यांनी निदान पट्टीचं नाव सरळ ठेवलं होतं.

आपल्या राज्यघटनेतही गंमत कमी नाही. सातव्या अनुसूचीत राज्यांनी कशाकशावर कर घ्यावा याची यादी आहे. तिच्यात ५८ क्रमांकावर ‘प्राणी आणि होड्या’ एका ओळीत बसले आहेत. का एकत्र, ते विचारू नये. दोन्ही खुंटाला बांधावे लागतात एवढंच साम्य दिसतं. आमच्या गावाला या ओळीतला अर्धा भागच लागू होतो. पावसाळ्यात पैनगंगेला पूर आला आणि वाशिमचा रस्ता पाण्याखाली गेला की दुसरा अर्धाही लागू व्हावा अशी गावाची फार इच्छा असते. होडी द्या, कर घ्या. पण अजून कुणी होडी दिलेली नाही, त्यामुळे महसूल बुडतो. आम्ही बुडत नाही, कारण आम्ही अलीकडेच थांबतो.

ग्रामपंचायतीच्या कायद्यात, १९५८च्या, तर सायकलींवर आणि जनावरं जुंपलेल्या गाड्यांवर कर बसवायची तरतूद आहे. शहरांत एके काळी सायकलीला बिल्ला असे. तो नसला की सायकल जप्त. आता सायकलवर जाणाऱ्याला लोक पर्यावरणप्रेमी म्हणतात आणि हार घालतात. बैलगाडीवर कर बसवायचा ठराव करायला मात्र आज कोणताही सरपंच धजणार नाही. गावात ट्रॅक्टरच उरलेत हे एक कारण, आणि ज्याच्याकडे बैलगाडी उरली आहे त्याच्याकडे भाऊबंदकीची मतं जास्त आहेत हे दुसरं.

किरकोळ कर हसण्यावारी नेताना एकाला मात्र मी बाजूला काढून ठेवतो. व्यवसाय कर. तोही हिशेबात ‘इतर’च, ००२८, ‘उत्पन्न व खर्चावरील इतर कर’. मास्तराच्या, कारकुनाच्या पगारपत्रकावर दरमहा दोनशे रुपये कापलेले दिसतात, आणि फेब्रुवारीत तीनशे. वर्षातला सगळ्यांत लहान महिना, आणि कपात सगळ्यांत मोठी. आमच्या शाळेत यावर नव्या शिक्षकाचा दरवर्षी संताप व्हायचा आणि जुने शिक्षक त्याला शांतपणे अंकगणित शिकवायचे : अकरा महिन्यांचे बावीसशे, वर तीनशे, झाले अडीच हजार. घटनेच्या २७६व्या अनुच्छेदाने या कराला वर्षाला अडीच हजारांची मर्यादा घातली आहे. मुळात ती अडीचशे होती, १९८८ साली घटनादुरुस्ती करून अडीच हजार झाली, आणि तेव्हापासून तिथेच उभी आहे. मधल्या काळात सोनं कुठे गेलं, तूरडाळ कुठे गेली, नवरदेवांचे भाव कुठे गेले. हा एक कर असा, की वाढवायचा तर संसदेला घटनेत हात घालावा लागतो. दोनशे रुपयांच्या कपातीला एवढं मोठं संरक्षण दुसरीकडे नसेल. बायकांना त्यातून सूट होती महिना दहा हजार पगारापर्यंत. २०२३ साली ती पंचवीस हजारांवर नेली.

पण तो बाजूला काढायचं कारण निराळं. तो कशासाठी आला ते आमच्या गावातल्या म्हाताऱ्यांच्या हातांवर आहे. १९७२चा दुष्काळ. अमेरिकेतून आलेली लाल मिलो खाल्लेली, सुकडीच्या पातेल्यापुढे ओळीत बसलेली आणि रस्त्याच्या कडेला खडी फोडलेली माणसं या भागात अजून आहेत. हाताला काम मागण्याचा हक्क असावा, ही कल्पना वि. स. पागे यांची. विधान परिषदेचे सभापती असलेला हा माणूस सभागृहातल्या गोंगाटापलीकडे काही ऐकू शकत होता. १९६५ साली त्यांनी सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला प्रयोग करून पाहिला, दुष्काळात तो राज्यभर पसरला, १९७७ला त्याचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो अमलात आला. पैसे कुठून आणायचे? म्हणून १९७५चा व्यवसाय कर. शहरातल्या पगारदाराच्या पाकिटातून निघायचे आणि मराठवाड्यातल्या पाझर तलावाच्या भरावावर पोचायचे. वाटेत किती झिरपले याच्या कथा आहेत. झिरपणं हा पाझर तलावाचा धर्मच, असं तेव्हाही म्हणत. पण भिंती उभ्या राहिल्या, विहिरींना पाणी आलं, आणि बायकांना पुरुषाएवढी मजुरी मोजून घेताना गावाने पहिल्यांदा पाहिलं. पुढे देशाने हीच कल्पना उचलली. राष्ट्रीय रोजगार हमीच्या पहिल्या टप्प्यात, २००६ साली, जे जिल्हे निवडले त्यांत हिंगोली होता. मजुरीचे पैसे दिल्लीहून येऊ लागले. पगारपत्रकावरचे दोनशे रुपये मात्र जागेवरच आहेत, आणि फेब्रुवारी तसाच आखूड आहे.

व्यवसाय करात निदान कारण खरं होतं आणि ते निदान काही वर्षं कामाला आलं. आता दुसरं टोक बघा. २०१५चा दुष्काळ. ३० सप्टेंबरच्या सुमाराला मंत्रिमंडळाने ठरवलं, पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे दोन रुपये जास्त घ्यायचे. सिगारेट, दारू, शीतपेयं, सोनं यांच्यावरही थोडं थोडं. दुष्काळासाठी सुमारे सोळाशे कोटी उभे करायचे होते. गावाने कुरकुर केली नाही. दुष्काळ आमचाच होता. पेट्रोल भरताना हॉटेलवाला म्हणायचा, ‘आपल्याच खिशातनं आपल्यालाच मदत, फक्त मुंबईला जाऊन येती.’ २०१६च्या पावसाळ्याने मात्र कमाल केली. मराठवाड्यात पाऊस असा पडला की पुलावरून पाणी गेलं. दुष्काळ संपला म्हणून गावाने नारळ फोडला. पंपावर दर खाली यायची वाट पाहिली. २०१७च्या एप्रिलमध्ये अधिभार वाढला. का वाढला? सर्वोच्च न्यायालयाने महामार्गालगतची दारूची दुकानं बंद करायला लावली, त्यामुळे राज्याचं उत्पन्न बुडालं, ते भरून काढायला, अशा तेव्हाच्या बातम्या होत्या. सायेबांनी ही बातमी कापून वहीत चिकटवली आहे. तिच्याखाली त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलंय : ‘न पिणाऱ्याने पेट्रोल भरावे, म्हणजे पिणाऱ्याने न प्यायल्याची भरपाई होते.’ पुढे ऑक्टोबरात सरकारने पेट्रोल दोन रुपयांनी उतरवलं. दुष्काळाचे दोन रुपये आले तेव्हा दुष्काळ होता. गेले तेव्हा गावात कुणाला आठवतही नव्हतं की हे तेच दोन रुपये का दुसरे.

दारूचा विषय निघालाच आहे तर परवान्याचं सांगून टाकतो, कारण ते आमच्या गावातल्या पुष्कळ अनुभवी मंडळींनाही माहीत नाही. १९४९चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात आजही जिवंत आहे. त्याप्रमाणे प्यायला परवाना लागतो. एक दिवसाचाही मिळतो. विदेशी पिण्याचे पाच रुपये, देशी पिण्याचे दोन. वर्षाचा शंभर, जन्माचा हजार. परवाना कशासाठी दिला जातो, तर प्रकृती राखण्यासाठी. ही माहिती मी पारावर सांगितली तेव्हा एक तब्येतीने खलास झालेले गृहस्थ उठून बसले. ‘म्हंजी आपून इतके दिवस बिनपरवाना तब्येत सांभाळायलो व्हतो?’ त्यांनी विचारलं. ते दोन रुपये भरायला तयार आहेत. पण दोन रुपये भरायला हिंगोलीला जायचं तर एसटीचं तिकीट आलं, आणि त्या तिकिटात साडेसतरा टक्के प्रवासी कर आला, वर अपघात सहाय्यता निधीचा एक रुपया आला. देशीचा एक दिवस कायदेशीर करायला विदेशीचा खर्च.

शेतसाऱ्याचं तसंच आहे. आठ-अ काढून पाहिला तर आकार रुपयांत नि पैशांत लिहिलेला दिसतो. हे पैसे आता फक्त तलाठ्याच्या दप्तरातच चलनात आहेत. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. पद वाढलं, सारा तोच. वर जिल्हा परिषदेचा उपकर, ग्रामपंचायतीचा उपकर, कुठे शिक्षण कर, कुठे रोजगार हमी कर. मूळ सारा पोराएवढा आणि त्याच्या अंगावर चार आजोबा बसलेले. सगळे मिळून जे होतात ते भरायला गेलं की सुट्यांचा प्रश्न येतो, आणि उरलेले पैसे कुणी परत मागत नाही. मला पुन्हा त्या हाली-कलदारच्या बाकीची आठवण होते.

हळदीने तर हद्द केली. हिंगोली-वसमतकडची हळद नावाजलेली. शेतकरी ती खणून काढतो, उकडतो, वाळवतो, पॉलिश करतो आणि बाजार समितीत आणतो. २०२१ साली जीएसटीच्या निवाडा करणाऱ्या प्राधिकरणापुढे प्रश्न उभा राहिला, हा शेतमाल की मसाला? शेतमाल म्हटलं तर कर नाही, मसाला म्हटलं तर पाच टक्के. प्राधिकरण म्हणालं, उकडून पॉलिश केली म्हणजे तो शेतमाल नव्हे. आमच्याकडे यावर मोठी चर्चा झाली. एक पक्ष म्हणाला, मग उन्हात उकडून निघालेला शेतकरी तरी शेतकरी राहतो का? पाच टक्के ऐकून सायेब क्षणभर गप्प झाले. शेकडा पाच. १८०२चा दर, नाक्याविना.

१ जुलै २०१७ हा सायेबांच्या वहीतला काळा दिवस. जीएसटी आला आणि त्याने करमणूक शुल्क, पैजेवरचा कर, ऐषाराम कर, मुंबईची जकात, सगळं एका घासात गिळलं. नगरपालिकांची जकात १९९९लाच गेली होती, महानगरपालिकांत तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर २०१५ला बहुतेकांना माफ झाला होता. आता उरलंसुरलं गेलं. देशभर नाके उठले. गावाने फटाके उडवले; नाक्याचं गाव नाके उठल्यावर फटाके उडवतं हे दृश्य बघायला कुणी पत्रकार आला नाही. सायेबांच्या ००४५च्या रकान्यात आकडा एकदम खाली आला. सुतकात असल्यासारखे दोन दिवस ते हॉटेलवर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते तरतरीत. रकाना बंद झालाच नव्हता. मागची थकबाकी, कुठले उपकर, कुठे काही. ‘इतर’ मरत नाही, त्याच्यातली माणसं बदलतात.

आणि त्यांना त्याहून खोल विहीर सापडली होती. प्रत्येक मुख्य शीर्षाखाली गौण शीर्षं असतात, आणि त्यांत शेवटी ८०० क्रमांकाचं एक असतं : ‘इतर जमा’. कशातच न बसणारी रक्कम तिथे टाकायची. महालेखापरीक्षक आपल्या अहवालांतून वर्षानुवर्षं सांगत आले आहेत की बाबांनो, योग्य शीर्ष असताना ८००मध्ये टाकू नका, त्याने हिशेबातली पारदर्शकता जाते. लोक टाकतात. शीर्ष शोधायला वेळ लागतो, ८०० पाठ असतं. म्हणजे ००४५खाली ८०० म्हटलं, की ‘इतर करांमधली इतर जमा’. सायेबांचा चेहरा हे सांगताना असा उजळतो, जसा दुसऱ्या कुणाचा पंढरपूरचा कळस दिसल्यावर उजळावा.

ही इतरांतली इतर जमा म्हणजे नक्की काय, हे एकदा समजून घ्यायचंच, असं त्यांनी ठरवलं. माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहिला. त्याला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावावं लागतं. लावताना ते हसले. ‘बगा,’ म्हणाले, ‘किरकोळ जमा काय हाय ते इचारायला आदी किरकोळ जमा करावी लागती.’ अर्ज एका कार्यालयात गेला. त्यांनी कलम ६(३)खाली दुसऱ्याकडे वर्ग केला. दुसऱ्याने तिसऱ्याकडे. मराठवाड्याचे हिशेब नागपूरच्या महालेखापालांकडे असतात, मंत्रालय मुंबईत आहे, आणि अर्जाला पाय फुटले की त्याला मधली सगळी स्टेशनं घ्यावी वाटतात. कुठल्या कार्यालयाने काय केलं ते सांगण्यात अर्थ नाही. शेवटी एक पत्र आलं. त्यातल्या भाषेचा मथितार्थ असा होता, की आपण विचारलेली माहिती ज्या स्वरूपात मागितली आहे त्या स्वरूपात ठेवली जात नाही, कारण बाब किरकोळ आहे. सायेबांनी प्रथम अपिलाची मुदत पाहिली आणि अपिलाला किती रुपयांचं तिकीट लागतं ते पाहिलं. वीस. त्यांनी वहीत नोंद केली.

मुद्रांकाचंही त्याच सुमाराला झालं. २०२४च्या ऑक्टोबरात शंभराचा मुद्रांक गेला, किमान पाचशेचा आला. आमच्याकडे शंभराच्या बाँडवर काय काय होत असे याची यादी केली तर समाजशास्त्राला नवा विषय मिळेल. बांधावरचा तंटा मिटल्याचं, दारू सोडल्याचं, पुन्हा दारू धरली तर सासऱ्याला काय द्यायचं त्याचं. पाचशे झाल्यापासून तंटे तोंडीच मिटायला लागले आहेत, आणि तोंडीच पुन्हा सुरू होतात. सरकारला यातून किती जास्तीचे मिळाले हे सायेब अर्थसंकल्पात शोधत आहेत. पण अर्थसंकल्पातली गंमत अशी की येत्या वर्षाचा अंदाज छातीठोक छापलेला असतो, चालू वर्षाचा सुधारून छापतात, आणि प्रत्यक्ष काय जमा झालं ते मागल्या-मागल्या वर्षाचं मिळतं. भविष्य आधी पक्कं होतं, भूतकाळ मागून सावकाश येतो.

परवा महिनाअखेर होती. हॉटेलवाल्याने उधारीची वही काढली. सायेबांचं पान लांबलचक; चर्चा त्यांच्याच बाकड्यावर होतात. चहा इतके, भजे इतके, बिडीबंडल पाहुण्यांसाठी एक. शेवटची ओळ होती : ‘इतर ४०’.

सायेबांनी चष्मा वर केला. ‘हे चाळीस कशाचे?’

‘इतर.’

‘आरं पण इतर म्हंजी काय काय? फोड करून दे.’

हॉटेलवाल्याने कढईतून झारा काढला, तेल निथळू दिलं. ‘सायेब, सरकारला इचाराया तुमी दहाचं तिकीट लावता. मला फुकटच इचारायलेत व्हय?’

सायेबांनी बाकीचा हिशेब आधी चुकता केला आणि मग त्या शेवटच्या ओळीवर पन्नासची नोट ठेवली. दहा परत आले नाहीत.